वीकेंड कुठला घ्यायचा ते समुद्राला विचार

पत्र असं आहे:

"ताई, या महिन्यात आम्हाला लागोपाठचे दोन वीकेंड मोकळे मिळतायत, त्यातला एक धरून समुद्रकाठच्या शहरात जायचं ठरतंय. मी, नवरा, सात वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात. मी एक्सेल शीट केलीये, १७ ठिकाणं, वेळेसकट. नवऱ्याने ती बघितली आणि म्हणाला आपण फिरायला नाही जात, हजेरी लावायला जातो, मला नुसतं समुद्रासमोर पडून राहायचंय. मागच्या वेळी पण हेच झालं होतं, येताना गाडीत आमचं इतकं वाजलं की मुलगा रडायला लागला. प्लॅन मी करायचा, बुकिंग मी, बॅगा मी, आणि वर ऐकून पण मीच घ्यायचं. लिस्ट फाडून टाकू का? आणि दोनपैकी कुठला वीकेंड घेऊ?"

अगं, आधी एक सांगते, लिस्ट फाडू नकोस. तू ती रात्री जागून केली असणार, मुलगा झोपल्यावर, आणि सगळ्यांना मजा यावी म्हणूनच केली असणार. तुझा राग बरोबर आहे आणि तो मी बाजूला ठेवत नाहीये, त्याच्याकडे येते. पण तुझ्या दोन प्रश्नांतला दुसरा आधी घेते, कारण त्याचं उत्तर मिळालं की पहिल्याचं अर्धं आपोआप मिळतं. कुठला वीकेंड घ्यायचा हे तू बहुतेक हॉटेलचे रेट आणि ऑफिसचं काम बघून ठरवणार होतीस. तसं करू नकोस. भरती-ओहोटी बघून ठरव.

समुद्रकाठच्या शहरात जाणारी निम्मी माणसं हे बघतच नाहीत गं. ट्रॅफिक बघतात, हवामान बघतात, रिव्ह्यू तर शंभर वाचतात, आणि पाणी किती वाजता कुठे असणार हे कोणी बघत नाही, आणि मग पोचतात तेव्हा समुद्र लांब गेलेला असतो नाहीतर वाळूच शिल्लक नसते, लाटा थेट भिंतीवर आपटत असतात. बीच आहे पण बसायला जागा नाही. हे काही नशीब नाही, याचं टाइमटेबल असतं, महिनोन्‌महिने आधी छापलेलं असतं आणि फोनवर फुकट बघता येतं.

गणित सोपं आहे. बहुतेक किनाऱ्यांवर दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून पुढच्या भरतीपर्यंत साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणजे आज जी भरती ज्या वेळेला आली ती उद्या सुमारे ५० मिनिटं उशिरा येणार. आता हे ५० गुणिले ७ कर. जवळजवळ सहा तास होतात. आणि भरती ते ओहोटी यातलं अंतर पण सहा तासांच्या जरा वरच असतं. कळलं का काय होतं ते? या शनिवारी सकाळी सातला ओहोटी असेल तर पुढच्या शनिवारी त्याच वेळेला जवळपास भरती असणार. तुझे दोन वीकेंड लागोपाठचे आहेत, म्हणजे एकाच जागेच्या एकदम उलट्या दोन बाजू तुझ्यासमोर आहेत आणि तुला त्यातली एक निवडायला मिळतेय. असा चॉइस सहसा मिळत नाही.

तुझ्या घरच्या माणसांसाठी मी डोळे झाकून सकाळची ओहोटी असलेला वीकेंड घेईन. कारण तुझ्या सासूबाई. कोरड्या, भुसभुशीत वाळूत चालणं म्हणजे गुडघ्यांना शिक्षा असते, पाय रुततो, घोटा वळतो, आणि थकवा तर विचारू नकोस, वाळूत चालायला कडक जमिनीपेक्षा दुपटीहून जास्त शक्ती लागते हे मोजून बघितलेलं आहे. पण ओहोटीनंतर जी ओली वाळू उघडी पडते ना, ती बऱ्याच किनाऱ्यांवर घट्ट असते, जवळपास रस्त्यासारखी. त्यावरून त्या तुझ्या मुलाचा हात धरून आरामात चालतील. मागच्या वेळी त्या गाडीत बसून राहिल्या होत्या का? तू लिहिलं नाहीस पण मला वाटतं तसंच झालं असणार, गुडघे दुखणारी माणसं "तुम्ही जा, मी बसते" म्हणतात आणि आपण पण जातो. आणि मुलासाठी पण ओहोटीच चांगली, खडक असतील तर त्यात पाण्याची डबकी राहतात, खेकडे, शंख, इवले मासे, सात वर्षांच्या पोराला त्यात दोन तास कसे गेले कळत नाही.

तेव्हा समजा शनिवारी ओहोटी ७ वाजून १० मिनिटांनी आहे. मग भरती दुपारी १ वाजून २० मिनिटांच्या आसपास, परत ओहोटी संध्याकाळी साडेसात-पावणेआठला, आणि रविवारी सकाळची ओहोटी आठच्या सुमाराला. म्हणजे दोन्ही दिवस सकाळी लांबलचक घट्ट वाळू मिळणार, दुपारी पाणी वर आलेलं, तेव्हा तसंही उन्हात बाहेर राहायचंच नाहीये, आणि सूर्य मावळताना पाणी परत मागे सरकत असणार. दिवसाचा सांगाडा झाला की तयार, तुझ्या एक्सेल शीटला हात न लावता. हे आकडे फक्त समजण्यासाठी घेतलेत हं, तुझ्या शहराचं टेबल तुलाच काढायचंय, आणि तेही त्याच शहराचं, शेजारच्या बंदराचं नाही, किनारा वळला की वेळा बदलतात. काही ठिकाणी तर दिवसात एकदाच भरती येते. आणि पाणी किती चढतं-उतरतं त्यात तर जमीन-अस्मानाचा फरक आहे, कॅनडातल्या फंडीच्या उपसागरात पाण्याच्या पातळीत १६ मीटरपर्यंत फरक पडतो, आणि भूमध्य समुद्राच्या बऱ्याच किनाऱ्यांवर भरती आली काय आणि गेली काय, पटकन लक्षातही येत नाही. तुझं शहर अशा शांत समुद्रावर असेल तर वीकेंड खुशाल रेट बघून ठरव.

अजून एक, कॅलेंडरवर पौर्णिमा-अमावस्या बघ. त्यांच्या आसपास, म्हणजे त्या दिवशी आणि पुढे एक-दोन दिवस, उधाणाची भरती असते, पाणी जास्त वर येतं आणि ओहोटीला जास्त लांबही जातं. अष्टमीच्या सुमाराला भांगाची भरती, तेव्हा फरक कमी. डबकी आणि शंख बघायचे असतील तर उधाणाचे दिवस भारी, पण तेव्हा पाणी जातं तसंच जोरात परत येतं, आणि याबद्दल मला जरा थांबून सांगायचंय.

माझ्या मुली लहान होत्या तेव्हा आम्ही माझ्या वडिलांना घेऊन असेच दोन दिवस गेलो होतो. बीचच्या टोकाला खडक होते, ओहोटी होती, सगळे चालत आत गेलो, मुली डबक्यांत रमल्या. ओहोटी संपून भरती लागलीये हे मला माहीत होतं, मी घड्याळ बघत होते, पण तासभर झाला तरी पाणी हललंच नाही असं वाटत होतं म्हणून म्हटलं अजून खूप वेळ आहे. आणि मग पाऊण-एक तासात मागच्या बाजूला, जिथून आम्ही चालत आलो होतो तिथे, पाणी भरलं. समोरून नाही, मागून. परत येताना धाकटीला मी कडेवर घेतलं होतं, मोठीच्या कमरेपर्यंत पाणी होतं आणि बाबांनी तिचा हात धरला होता, आणि मला आजही आठवतं की बाबांचा हात थरथरत होता आणि ते मुलीला सांगत होते की बघ किती मस्त पाणी आहे. कोणाला काही झालं नाही. पण त्यानंतर मी हे नीट समजून घेतलं. भरतीचं पाणी सगळे तास सारखं चढत नाही. एकूण चढ बारा भागांत धरला तर पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक, असं ढोबळ गणित खलाशी पूर्वीपासून वापरतात. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. मी पहिल्या तासावरून पुढच्या तासांचा अंदाज बांधला होता, तिथेच चुकलं. त्यामुळे तुला नियम सांगते, खडकांवर जायचं ते पाणी उतरत असताना जायचं, आणि ओहोटीची वेळ झाली की, पाणी कितीही लांब दिसत असलं तरी, परत फिरायचं. मुलगा रडला तरी.

पाण्यात उतरण्याबद्दल पण बोलूनच घेते, नंतर विसरायला नको. लाइफगार्ड असलेला बीच निवड आणि लाल-पिवळे झेंडे जिथे लावलेत त्या दोन झेंड्यांच्या मधेच उतरा, जगात बऱ्याच ठिकाणी त्याचा अर्थ हाच असतो की इथे लक्ष ठेवलं जातंय. नुसता लाल म्हणजे धोका, दोन लाल म्हणजे पाण्यात जायचंच नाही. जांभळा दिसला तर जेलीफिशसारखं काहीतरी आहे समज. आणि तुझा मुलगा म्हणेल की आई तिकडे बघ, तिकडे लाटाच नाहीयेत, तिकडे जाऊया. ज्या पट्ट्यात दोन्ही बाजूंना लाटा फुटतायत आणि मधेच पाणी गडद, सपाट, शांत दिसतंय तिथेच बहुतेक वेळा पाणी आत ओढत असतं. किनाऱ्यावर आलेलं पाणी कुठून तरी परत जाणारच ना, ते तिथून जातं. ती ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते, आणि जोरात असली तर सेकंदाला दोन मीटरपेक्षा जास्त वेग असतो, पट्टीच्या पोहणाऱ्यालाही उलटं पोहून येणं जमत नाही. सापडलंच कोणी तर किनाऱ्याच्या दिशेने झुंजायचं नाही, तरंगत राहायचं, हात वर करून मदत मागायची, आणि पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याच्या बाहेर यायचं. हे नवऱ्यालाही सांगून ठेव, निघायच्या आधी, तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही. खाडीच्या तोंडाशी तर उतरूच नका, ओहोटीला सगळी खाडी तिथून रिकामी होत असते.

आणि मुलासाठी फुगवायची ट्यूब घेणार असशील तर सकाळी ती नको. पहाटे आणि सकाळी लवकर वारा बऱ्याचदा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, कारण रात्रभरात जमीन पाण्यापेक्षा जास्त गार झालेली असते. तेव्हा पाणी आरशासारखं दिसतं, आपल्याला वाटतं किती सेफ आहे, आणि तो हलका वारा ट्यूबला हळूहळू आत घेऊन जातो. पाणी गुडघाभर असलं तरी मुलापासून हातभरच लांब राहायचं.

दुपारकडे येते, कारण दुपारमुळेच तुझं आणि नवऱ्याचं भांडण मिटणार आहे असं मला वाटतं.

दिवस चढला की जमीन तापते, वारा फिरतो आणि समुद्राकडून यायला लागतो, दुपारी तो चांगलाच वाहतो. त्यामुळे ऊन सगळ्यात कडक असतं तेव्हाच अंगाला गार वाटतं. म्हणून लोक फसतात आणि संध्याकाळी पोरं लालेलाल होऊन तापल्यासारखी रडतात. वरून येणारं ऊन एकीकडे, वाळूवरून सुमारे १५ टक्के अतिनील किरणं परत उसळतात, समुद्राच्या फेसावरून सुमारे २५ टक्के, म्हणजे छत्रीखाली बसलं तरी खालून लागतंच. ढग असले तरी लागतं. सनस्क्रीन दर दोन तासांनी आणि पाण्यातून बाहेर आल्यावर लगेच परत लावायचं, सकाळी एकदा फासलं की दिवसभर चालतं असं नाही. मुलाला एक सोपी खूण शिकव, आपली सावली आपल्यापेक्षा छोटी झाली की आपण सावलीत जायचं. मुलं हे मनापासून पाळतात, दर दहा मिनिटांनी मोजून बघतात.

म्हणजे साधारण अकरा ते साडेतीन-चार बीच बंद. हेच तास तुझ्या नवऱ्याचे. खिडकीतून समुद्र दिसतोय, भरती आलीये, पाणी जवळ आहे, पडून राहायचं. कोणी उठवायचं नाही. आणि तुझी १७ ठिकाणांची लिस्ट पण याच तासांत बसते, पण सगळी नाही, त्यातलं एक. तेही शनिवारीच. म्युझियम, मत्स्यालय, बंदराजवळच्या जुन्या वस्तीतल्या सावलीच्या गल्ल्या, जे काय छपराखाली किंवा सावलीत आहे ते. तू आणि मुलगा जा, सासूबाईंना विचार, त्यांना यायचं असेल तर आणि तिथे बसायला जागा असेल तर त्याही येतील. नवऱ्याला झोपू दे. चौघांनी प्रत्येक ठिकाणी एकत्रच गेलं पाहिजे हा नियम कोणी केलाय? एकत्र राहायचे तास सकाळ आणि संध्याकाळचे ठेव, ते पाळ, दुपार ज्याची त्याची. म्युझियमला बऱ्याचदा आठवड्यातून एक दिवस सुट्टी असते तेवढी बघून घे, आणि बोटीने कुठे जाणार असाल तर जायची नाही, परतीची शेवटची बोट किती वाजता ते आधी विचार.

आता तुझी शीट. मी तुझे तास मोजले. शुक्रवारी रात्री पोचलात असं धरलं, शनिवारी सकाळी सात ते रविवारी दुपारी तीन, होतात ३२ तास. त्यातले आठ झोपेचे. राहिले २४. चार माणसांच्या आंघोळी, तीन-चार जेवणं, नाश्ता, चपला शोधणं, परत रूमवर जाऊन विसरलेली टोपी आणणं, ट्रॅफिक, पार्किंग, यात नऊ-दहा सहज जातात आणि त्यात कोणाचीच चूक नसते. उरले १४. चौदा तासांत सतरा ठिकाणं. तुला कळतंय ना, नवरा आळशी आहे म्हणून नाही आणि तू हट्टी आहेस म्हणून नाही, ते बसतच नव्हतं. मागच्या वेळचं भांडण पण बहुतेक शीटमधलंच होतं, गाडीत फक्त बाहेर आलं.

आणि त्याच्या बाजूने पण एक गोष्ट सांगायला हवी. २०१० साली नेदरलँड्समधल्या १५३० लोकांवरचा एक अभ्यास आला होता, सुट्टीवर गेलेले आणि न गेलेले. त्यात असं दिसलं की सुट्टीवर जाणारी माणसं जायच्या आधी जास्त खूश असतात, आणि परत आल्यावर बहुतेकांचा आनंद घरी बसलेल्यांइतकाच असतो, फक्त ज्यांची सुट्टी खूप निवांत गेली त्यांच्यात थोडा फरक टिकला. म्हणजे तो जे पडून राहायचं म्हणतोय त्यात तथ्य आहे. पण त्याच अभ्यासात तुझीही बाजू आहे बघ, आधीचा आनंद. शीट करताना, फोटो बघताना, इथे जाऊ तिथे जाऊ करताना तुला जे बरं वाटलं ती सुट्टीच होती, ती तू एकटीने घेतलीस. या वेळी त्याला त्यात ओढ. आज रात्री जेवणं झाली की भरती-ओहोटीचं टेबल काढून त्याच्यासमोर ठेव, दोन्ही वीकेंडचं, आणि म्हण की यातला एक निवडूया. १७ ठिकाणांची लिस्ट समोर आली की माणूस नाही म्हणतो, दोनातलं एक विचारलं की विचार करतो.

आणि राग. प्लॅन करणारीनेच ऐकून घ्यायचं, हे मी या सदरात इतक्या वेळा वाचलंय की आता वाईट वाटण्याच्या पलीकडे गेलंय. तू मदत माग असं मी म्हणणार नाही, कारण मदत मागणं हे पण परत तुझंच काम होतं. कामं वाटून टाक, पूर्ण. येण्या-जाण्याचं सगळं त्याच्याकडे, किती वाजता निघायचं, कुठे थांबायचं, गाडी कुठे लावायची, त्यात तू बोलायचं नाही, तो चुकला तरी नाही. राहायचं आणि दिवसाचं तुझ्याकडे, त्यात त्याने बोलायचं नाही. मुलाची बॅग मुलगा भरेल, सात वर्षांचा आहे, तू फक्त वरून बघ. सासूबाईंना पण एक काम दे, खरंखुरं, मन राखायला म्हणून नाही. त्यांना संध्याकाळचं बसायचं ठिकाण ठरवू दे. गुडघे दुखणाऱ्या माणसाला बाक कुठे आहे, पायऱ्या किती आहेत, हे आपल्यापेक्षा पटकन दिसतं, त्यांनी निवडलेली जागा सगळ्यांनाच सोयीची निघते.

हॉटेलचं थोडक्यात. सी-व्ह्यू म्हणजे समुद्र जवळ असं नाही, तो दिसतो एवढंच, कधी कधी तर बाथरूमच्या खिडकीतून वाकून. मला असं एकदा मिळालंय. तुम्हाला व्ह्यूपेक्षा चालत जाता येणं महत्त्वाचं आहे, म्हणजे सासूबाईंना कंटाळा आला तर त्या एकट्या परत येऊ शकतील. मॅपवर नुसतं अंतर कळतं, मधे चढ आहे का, मोठा रस्ता ओलांडायचाय का, हे फोन करून विचार. लिफ्ट आहे का ते विचार, आणि लिफ्टपर्यंत पायऱ्या आहेत का ते पण. चेक-इन बहुतेक ठिकाणी दुपारी असतं, म्हणून शुक्रवारी रात्री पोचणार नसाल तर शनिवारची सकाळ बॅगा घेऊन रस्त्यावर जाईल, त्यापेक्षा शुक्रवार रात्रीचे पैसे द्यावेत असं माझं मत आहे. एका बाजूचा प्रवास चार तासांच्या वर जात असेल तर दोन दिवसांसाठी ते शहरच बदल.

शनिवारची संध्याकाळ मात्र जपून ठेव. आधी बघ की किनारा कुठल्या दिशेला तोंड करून आहे, पश्चिमेला असेल तरच सहसा सूर्य पाण्यात बुडताना दिसतो, पूर्वेचा असेल तर संध्याकाळी धावपळ करून जाण्यात काही अर्थ नाही, मग पहाटे उठा. पश्चिमेचा असेल तर मुलाला हे शिकव: सूर्य खाली आला की हात पूर्ण समोर ताणायचा, बोटं आडवी धरायची, आणि सूर्य आणि क्षितिज यांच्यामधे किती बोटं बसतात ते मोजायचं, सूर्याकडे टक लावून न बघता. एक बोट म्हणजे साधारण पंधरा मिनिटं. चार बोटं म्हणजे तास. अचूक नाही, पण त्याला स्वतःला कळेल की किती वेळ राहिलाय, मग "आता चल" म्हणून तुला ओढावं लागणार नाही. आणि सूर्य बुडाल्या बुडाल्या उठू नका, खरे रंग पुढच्या वीस-पंचवीस मिनिटांत येतात आणि तोवर अर्धा बीच रिकामा झालेला असतो. तेव्हा फोन बॅगेत.

राहिला रविवार. मागच्या वेळी तुमचा शेवट गाडीत भांडणात झाला, आणि मला खात्री आहे की आता ती ट्रिप आठवली की तेच आठवतं, मधल्या चांगल्या गोष्टी नाही. माणसाची आठवण अशीच चालते. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला होता, लोकांना १४ अंशांच्या गार पाण्यात एक मिनिट हात ठेवायला लावला, आणि दुसऱ्या वेळी तेच एक मिनिट आणि वर अजून अर्धं मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी किंचित, जेमतेम एक अंश कोमट केलं. यातलं परत कुठलं कराल विचारल्यावर बहुतेकांनी दुसरं निवडलं, त्रास जास्त वेळ होता तरी, कारण शेवट जरा बरा होता. तेव्हा रविवारी नवीन ठिकाण ठेवू नकोस, एकही नाही. सकाळी ओहोटीला परत त्याच वाळूवर जा, शनिवारी मुलाने जे डबकं शोधलं होतं तिथेच, मग आंघोळी, चेक-आउट, बॅगा हॉटेलवाल्यांकडे ठेवा, जेवण, आणि निघा. एकतर जेवून लगेच, नाहीतर मग रात्रीचं जेवूनच. चार-पाचला सगळं शहर एकदम निघतं, त्यात अडकू नका, पण हे ठरवणं नवऱ्याचं काम आहे, तू त्याला फक्त ही ओळ वाचून दाखव.

बॅगेत सगळ्यात वर प्रत्येकाचा एक कोरडा जोड ठेव, तळाशी नको. आणि टेबल बघितलंस की दोनातला कुठला वीकेंड घेतला ते मला लिहून कळव.